कादंबरीकार नाथमाधव

आपल्या नायकांना रानावनांतून आणि दऱ्याडोंगरांतून दौडविणारा हा लेखक स्वतः मात्र दोन पावलेही चालू शकत नव्हता, ही गोष्ट आजच्या तरुण पिढीस क्वचितच ठाऊक असेल. म्हणून नाथमाधव यांचे अल्पचरित्र सभासद-कुटुंबांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

त्यांचे मूळ नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२ चा. स्वतःच्या नावातील ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातील ‘माधव’ जोडून त्यांनी टोपणनाव सिद्ध केले. तारुण्यात त्यांना शिकारीचा शौक होता. १९०५ साली सिंहगडावर शिकारीस गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. वय अवघे तेवीस वर्षांचे!

अशा प्रसंगी सामान्य माणूस दैवास बोल लावीत बसला असता. नाथमाधवांनी रुग्णशय्येवर वाचनाचा व्यासंग धरला आणि पुढे लेखणी हाती घेतली. तीनच वर्षांनी, १९०८ साली, त्यांची ‘प्रेमवेडा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ‘सावळ्या तांडेल’, ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ यांसारख्या कादंबऱ्यांनी वाचकांची उत्कंठा ताणून धरली. १९१३ सालच्या ‘वीरधवल’ने तर अद्भुताच्या ओढीने घरोघर वाचक मिळविले. ‘विमलेची गृहदशा’ आणि ‘डॉक्टर’ यांतून त्यांनी सामाजिक प्रश्नांना हात घातला. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू झालेल्या कादंबरीमालेत शिवकाल उभा केला. ज्या गडाने त्यांचे पाय हिरावून घेतले, त्या गडाच्या इतिहासाविषयी त्यांनी मनात कटुता धरली नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

२१ जून १९२८ रोजी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लेखनास मिळाली ती उणीपुरी वीस वर्षे.

रहस्य आणि साहस यांनी भरलेल्या कादंबऱ्यांना पंडितांच्या पंक्तीत मानाचे पान सहसा मिळत नाही. तथापि अशाच पुस्तकांनी अनेक घरांत वाचनाची पहिली गोडी लावली, हे ऋण विसरता येणार नाही. आपल्या कपाटात त्यांचे एखादे जीर्ण पुस्तक असल्यास ते रद्दीत न घालता मुलांच्या हाती द्यावे, एवढीच आमची विनंती. गोष्ट सांगून झाल्यावर ती लिहिणाऱ्याचीही गोष्ट त्यांना अवश्य सांगावी.