विश्लेषण : ‘चंद्रकांता’चे जनक देवकीनंदन खत्री कोण होते? त्यांच्यानंतर ती गोष्ट कोणी पुढे नेली?

1994 नंतरची दोन-अडीच वर्षे रविवारची सकाळ म्हणजे दूरदर्शनवरची ‘चंद्रकांता’, हे समीकरण उमरी, धर्माबाद, भोकरपासून थेट लातूरपर्यंत ठरलेले होते. ज्या घरी टीव्ही त्या घरी अर्धी गल्ली जमायची. भिवयांचे टोक वर चढवलेला क्रूरसिंग आणि त्याचा ‘यक्कू’ पोरांच्या तोंडी असायचा. लाइट गेली तर पुढे काय झाले असेल यावर आठवडाभर वाद रंगायचे.

ही गोष्ट मुळात एका पुस्तकाची आहे, तेही 1888 सालच्या, हे त्यातल्या अनेकांना खूप नंतर कळले. ज्यांनी पुढे ते पुस्तक मिळवून वाचले, त्यांना आणखी एक धक्का बसला. पडद्यावर पाहिलेले बरेचसे पुस्तकात नव्हतेच. मालिका म्हणजे मूळ कथेवर दुसऱ्यांनी उभारलेला नवा मजला होता. आवडत्या कथाविश्वात चाहत्यांनी स्वतःची भर घालायची, या प्रकाराला आज फॅन फिक्शन म्हणतात. मालिका काही त्या अर्थाने फॅन फिक्शन नव्हती, पण दुसऱ्याच्या कथाविश्वात आपली गोष्ट घालणे इथेही घडले होते. देवकीनंदन खत्री यांचे सगळे आयुष्यच या प्रकाराशी जोडलेले आहे.

जंगलाचा ठेकेदार लेखक कसा झाला?

खत्री यांचा जन्म जून 1861 मधला, बिहारमधल्या पूसा इथला. पूसा हे त्यांचे आजोळ. वडील लाला ईश्वरदास. घराणे मूळचे पंजाबकडचे. महाराजा रणजितसिंहांच्या मृत्यूनंतर तिकडे गोंधळ माजला आणि हे कुटुंब काशीला येऊन स्थिरावले. देवकीनंदन यांचे सुरुवातीचे शिक्षण उर्दू-फारसीत झाले. हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी ते नंतर काशीत शिकले. त्या काळच्या शिकलेल्या व्यापारी घरांत ही सर्वसाधारण रीत होती, पण पुढच्या सगळ्या कथेची किल्ली याच शिक्षणात आहे.

तरुणपणी गयेजवळच्या टेकारी संस्थानाशी त्यांचा व्यापार होता. पुढे काशीच्या महाराजांशी चांगले संबंध जुळले आणि चकिया व नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. हा भाग आज उत्तर प्रदेशच्या चंदौली जिल्ह्यात येतो. डोंगर, धबधबे, दाट झाडी आणि मधूनच पडके किल्ले. ठेकेदाराला माणसे घेऊन रानात दिवसेंदिवस फिरावे लागे. खत्री फिरलेही, पण लाकडाच्या हिशेबाइतकेच त्यांचे लक्ष त्या पडक्या भिंतींकडे होते. बंद दरवाजे, बुजलेली भुयारे, कोरड्या पडलेल्या बावड्या त्यांनी डोळ्यांत साठवल्या.

पुढे ठेका सुटला. कमाईचे साधन गेले आणि हाती उरले ते जंगल. त्यातून ‘चंद्रकांता’ उभी राहिली. विजयगढची राजकन्या चंद्रकांता, नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, दोघांच्या आड येणारा क्रूरसिंग आणि चुनारचा राजा शिवदत्त. विजयगढ, नौगढ आणि चुनार ही तिन्ही ठिकाणे नकाशावर खरोखर आहेत. वाचणाऱ्याला तिथे जाऊन किल्ला बघता येतो, आणि या पुस्तकाच्या जादूत त्याचा मोठा वाटा आहे.

ऐयार आणि तिलिस्म म्हणजे काय?

ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी आणि उचापतखोर यांचे मिश्रण. मराठी वाचकाने बहिर्जी नाईकांची हेरगिरी आणि दारी येणाऱ्या बहुरूप्याची नक्कल एका माणसात कल्पावी. ऐयाराच्या बटव्यात रंग, खोटी दाढी, बेशुद्ध करायची भुकटी आणि शुद्धीवर आणायचा लखलखा असतो. वीरेंद्रसिंहाचा तेजसिंह आणि चंद्रकांतेची चपला हे दोघे खरे तर कादंबरीचे नायक-नायिका वाटावेत इतके रंगले आहेत. ऐयारांमध्ये एक नियमही आहे. पकडलेल्या ऐयाराला कैद करायचे, ठार मारायचे नाही. त्यामुळे वाचकाला रक्तपातापेक्षा डावपेचांची चटक लागते.

तिलिस्म म्हणजे कळसूत्री दारे, फिरत्या भिंती आणि छुप्या खजिन्यांची बांधणी. ज्याच्या नावाने ती बांधली असेल त्यालाच ती फोडता येते.

या दोन्ही कल्पना खत्रींच्या स्वतःच्या नव्हत्या. फारसी आणि उर्दूत अमीर हमजाची दास्तान शतकानुशतके सांगितली जात होती. प्रत्येक दास्तानगो, म्हणजे कथेकरी, तिच्यात आपली भर घालत असे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 1883 पासून तिच्यातलाच ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा अवाढव्य भाग छापायला घेतला. मुहम्मद हुसेन जाह यांनी पहिले खंड लिहिले आणि पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. एकाने सोडलेला धागा दुसऱ्याने उचलायचा, हे तिथे चोरी नव्हते, रिवाजच होता. काशीजवळच जन्मलेले प्रेमचंदही लहानपणी या दास्तानांत बुडाले होते.

निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला ही परंपरा परकी नव्हती. 1948 पर्यंत इथला राज्यकारभार आणि बरेचसे शालेय शिक्षण उर्दूत होते. त्या पिढीतल्या शिकलेल्या माणसाला होशरुबा मुळातून वाचता येत असे. नातवंडांच्या वाट्याला तीच ऐयारी रविवारी सकाळी टीव्हीवर आली.

खत्रींनी दास्तानीतून ऐयार घेतला, तिलिस्म घेतला, पण जादूटोणा बाहेर ठेवला. होशरुबात जादूगार आकाशातून उडतात. ‘चंद्रकांता’त दार उघडते ते खटक्याने, पुतळा हलतो तो चाकांवर आणि माणूस बेशुद्ध पडतो तो औषधाने. असे यंत्र माणसाला बनवता येईल, यावर त्यांचा भर होता आणि आक्षेप घेणाऱ्यांना त्यांनी तसे उत्तरही दिले. आवडत्या गोष्टीतले जे पटत नाही ते बदलून ती पुन्हा लिहायची, हे काम चाहता-लेखक आजही करतो.

या पुस्तकासाठी लोक हिंदी का शिकले?

त्या काळी उत्तरेत कचेरीची भाषा उर्दू होती. नागरी लिपीला तिथल्या कचेऱ्यांत परवानगी मिळाली ती 1900 मध्ये. शिकलेला माणूस करमणुकीसाठी उर्दूच वाचत असे. खत्रींनी ‘चंद्रकांता’ नागरीत लिहिली, पण भाषा बाजारात बोलली जाते तशी ठेवली. संस्कृत शब्दांचे ओझे टाळले आणि सोपे उर्दू शब्द तसेच वापरले. ती वाचता यावी म्हणून असंख्य लोक नागरी अक्षरे शिकले, ही नोंद हिंदी साहित्याच्या इतिहासात पक्की आहे. सरकारी हुकमाने जे झाले नव्हते ते एका राजकन्येने केले. (मराठी वाचकाला हा त्रास कधीच नव्हता. लिपी आपलीच असल्याने ‘चंद्रकांता’ हाती पडली की थेट वाचता येते.)

मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची सुरुवात याआधीच झाली होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, म्हणजे खत्रींच्या जन्मसालचीच. पण एकाच कथाविश्वावर भागामागून भाग आणि त्याची वाट पाहणारा वाचक, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर घडवले ते खत्रींनी.

‘चंद्रकांता’चे चार भाग झाल्यावर त्यांनी ‘चंद्रकांता संतती’ सुरू केली. नायक-नायिकेची मुले इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह यांची ही गोष्ट 24 भागांत पसरली आहे. 1898 मध्ये काशीत त्यांनी स्वतःचा लहरी प्रेस काढला, तेव्हा लेखकही तेच, छापणारेही तेच आणि विकणारेही तेच झाले. खरे सांगायचे तर ‘संतती’ मधल्या काही भागांत रेंगाळते. कोण कोणाच्या वेषात आहे, हे लक्षात ठेवता ठेवता वाचक दमतो. पण ती पुन्हा वाचायला घेतली की वेगळीच मजा येते. वेषांतर आधीच माहीत असते, त्यामुळे ऐयार कुठे चुकला, लेखकाने कुठे खूण पेरली होती हे दिसू लागते.

भूतनाथ अपुरा राहिला, पुढे काय झाले?

‘संतती’त मध्येच एक ऐयार येतो आणि सगळे पुस्तक खाऊन टाकतो. त्याचे नाव भूतनाथ. हुशार, निडर, पण मागच्या आयुष्यात काळी कृत्ये करून बसलेला आणि ती उघडी पडतील या भीतीने घेरलेला. चांगला की वाईट, हे शेवटपर्यंत ठरत नाही. त्या काळच्या अद्भुत कथांत असे पात्र विरळाच होते. तो आपली जीवनकथा लिहिणार, असे ‘संतती’तच सूचित झाले होते. वाचक ती मागत राहिले. खत्रींनी ‘भूतनाथ’ लिहायला घेतली. ही मागच्या काळात जाणारी कथा आहे. ती वाचून कोणी ‘संतती’कडे परतला, तर तीच दृश्ये वेगळी दिसतात. आधी ज्याचा राग आला होता त्याची आता कीव येते.

आणि इथेच गोष्ट तुटली. 1 ऑगस्ट 1913 रोजी, वयाच्या 52 व्या वर्षी खत्री गेले. ‘भूतनाथ’चे मोजकेच भाग झाले होते. ज्या पात्राचा गुन्हा काय होता हे कळण्यासाठी वाचक थांबला होता, त्याचे उत्तर लेखक सोबत घेऊन गेला.

उरलेले भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहिले. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. शेवट ‘संतती’त आधीच छापून झालेला होता, तो बदलता येत नव्हता. वडिलांनी सोडलेल्या प्रत्येक धाग्याची गाठ त्या शेवटाशी बसवायची, आणि हजारो वाचकांना मूळ भाग पाठ होते. आज फॅन फिक्शन लिहिणाऱ्याला ज्या पेचाला तोंड द्यावे लागते, तोच हा पेच. फरक इतकाच, की इथे लिहिणारा घरचा होता आणि छापखानाही घरचाच होता. दुर्गाप्रसादांनी ‘भूतनाथ’ तडीस नेली, त्याच विश्वातली ‘रोहतासमठ’ लिहिली आणि पुढे ‘लाल पंजा’, ‘रक्तमंडल’ अशा कादंबऱ्यांत ते क्रांतिकारक आणि वैज्ञानिक शोधांच्या स्वतःच्या वाटेने गेले.

वडिलांच्या हयातीतच घराबाहेरचेही थांबले नव्हते. हरिकृष्ण जौहर यांच्यासह अनेकांनी तिलिस्मी कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या बऱ्याच आज कोणाच्या लक्षात नाहीत. नुसता बटवा आणि भुयार घेऊन ‘चंद्रकांता’ होत नाही, हे नक्कलकारांना उमगले नसावे.

समीक्षकांना हे का रुचले नाही?

रामचंद्र शुक्ल यांनी हिंदी साहित्याचा इतिहास लिहिताना खत्रींचे एक श्रेय मोकळेपणाने दिले. हिंदीला सर्वाधिक वाचक त्यांनी मिळवून दिले, हे त्यांना मान्य होते. पण या कादंबऱ्यांत घटनांचीच रेलचेल आहे, माणसाच्या स्वभावाचे आणि भावनांचे चित्रण नाही, म्हणून त्या साहित्याच्या कोटीत बसत नाहीत, असा त्यांचा निर्वाळा होता. पुढची अनेक वर्षे हेच मत चालले. चपलापुरता किंवा क्रूरसिंगापुरता हा आक्षेप कदाचित टिकेल. भूतनाथापाशी मात्र तो लंगडा पडतो. स्वतःच्या भूतकाळापासून पळणाऱ्या माणसाला स्वभाव नाही, असे कसे म्हणणार?

आज ही गोष्ट कोणाची आहे?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी त्याचे पुस्तक सर्वांसाठी खुले होते. खत्रींच्या कादंबऱ्या म्हणूनच आज मोबाइलवर फुकट वाचता येतात आणि त्यांची पात्रे घेऊन नवी कथा लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. नीरजा गुलेरी यांच्या मालिकेने बरीच मोकळीक घेतली. 2017 मध्ये तर दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर दोन निराळ्या ‘चंद्रकांता’ आल्या. दूरदर्शनची मालिका किंवा या नव्या मालिका कोणाच्या हक्काच्या असल्या, तरी मूळ तेजसिंह, चपला आणि भूतनाथ कोणाच्याही मालकीचे नाहीत. मराठीत त्यांची नवी गोष्ट लिहायची असेल, तर एक बंधन पाळावे लागेल. मालिकेत नव्याने घातलेली पात्रे उचलायची नाहीत, देवकीनंदन यांच्या पुस्तकातलीच घ्यायची. त्यासाठी आधी पुस्तक वाचावे लागेल. सुरुवात ‘चंद्रकांता’च्या चार भागांपासून करावी, मग ‘संतती’ आणि शेवटी ‘भूतनाथ’. उलट्या क्रमाने गेले तर भूतनाथाचे गुपित आधीच फुटते.