प्रियदर्शी सम्राट अशोक आणि कलिंगची रयत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, त्यात सम्राट अशोकाचे चरित्र तुम्ही लिहा, असे कमिटीच्या मंडळींनी आम्हाला सांगितले. आम्ही काही इतिहासाचे पंडित नाही. आयुष्य गिरणीत साच्यावर गेले, आणि जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. पण अशोकाचे नाव आपल्या घरात पोरासोरांनाही माहीत आहे. नाण्यावर त्याचे सिंह आहेत, तिरंग्यावर त्याचे चक्र आहे. कलिंगचे युद्ध झाले, प्रेतांचा खच पाहून राजाला पश्चात्ताप झाला, त्याने शस्त्र खाली ठेवले आणि तो बुद्धाला शरण गेला, एवढी गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते आणि तिथेच संपते. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. राजाला वाईट वाटले, ठीक. पण ज्यांची घरेदारे गेली त्या कलिंगच्या लोकांचे पुढे काय झालं?

आधी थोडे पूर्वचरित्र. अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. तरुणपणी तो उज्जैनीचा कारभार पाहत होता. विदिशेच्या देवीशी त्याचा संबंध तेव्हाच जुळला आणि महेंद्र व संघमित्रा ही तिचीच मुले, असे सिंहली ग्रंथ सांगतात. गादीसाठी त्याने नव्याण्णव भाऊ मारले असेही त्याच ग्रंथांत आहे. हे आम्हाला पटत नाही, कारण त्याच्या पाचव्या शिलालेखात भावा-बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. आधीचा चंडाशोक जेवढा काळा रंगवावा तेवढा नंतरचा धम्माशोक उजळ दिसतो, म्हणून ग्रंथकारांनी रंग जरा जादा लावला असावा. इ. स. पू. २६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला.

अभिषेकानंतर आठव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. २६१ च्या सुमारास, त्याने कलिंगवर स्वारी केली. कलिंग म्हणजे आजच्या ओडिशाचा किनारा आणि त्याला लागून आंध्रचा काही भाग. त्या युद्धात एक लाख माणसे कापली गेली, दीड लाख माणसे तिथून उचलून नेण्यात आली आणि याच्या कितीतरी पट माणसे मागाहून मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत, हे ध्यानात घ्या. जिंकणाऱ्या राजाने स्वतःच ते तेराव्या शिलालेखात खडकावर कोरून ठेवले. राजे लोक विजयाचे स्तंभ उभारतात, भाट ठेवतात. याने आपल्याच हातून झालेल्या हत्येचा हिशेब लिहिला, आणि तोही अर्धा ठेवला नाही. जे मेले त्यांच्याबरोबर जे जगले त्यांचेही दुःख त्याने मोजले. ज्याच्या अंगाला जखम नाही पण ज्याचा मित्र, सोयरा, सोबती गेला तोही मारच खातो, असा त्याचा अर्थ आहे. आता याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्श्याइतके जरी कोणाला भोगावे लागले तरी राजाला ते जड वाटते, असे त्याने पुढे लिहिले.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. हा तेरावा लेख गिरनारला आहे, काळसीला आहे, आता पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला आणि मानसेहऱ्याला आहे. पण कलिंगमध्येच नाही! भुवनेश्वरजवळ दया नदीच्या काठी धौली आणि गंजम जिल्ह्यात जौगड, अशा दोन ठिकाणी कलिंगमध्ये त्याचे लेख आहेत. तिथे दहाव्या लेखानंतर अकरा, बारा आणि तेरा हे तिन्ही लेख गाळले आहेत आणि त्यांच्या जागी दोन वेगळेच लेख कोरले आहेत. पहिल्यांदा वाचताना आम्हाला याचा राग आला होता. ज्यांना मारले त्यांच्यासमोर कबुली द्यायची सोडून ती लांब गुजरातेत काय द्यायची? नंतर ते दोन वेगळे लेख वाचले आणि राग थोडा उतरला. थोडाच, सगळा नाही.

पहिला लेख धौलीला तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे न्यायनिवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. जौगडला हाच लेख समापाच्या अधिकाऱ्यांना आहे. सगळी माणसे आपली लेकरे आहेत असे राजा त्यात सांगतो, आणि लगेच तुरुंगाकडे वळतो. एखाद्याला विनाकारण कोठडीत टाकले जाते, छळ होतो, आणि त्याच्यामागे त्याची किती माणसे दुःख भोगतात, हे तो अधिकाऱ्यांना बजावतो. अन्याय का होतो त्याची कारणेही देतो. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, सवय नसणे, आळस आणि थकवा. यातले थकवा हे कारण वाचून आम्ही थांबलोच. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला माणूस काय बोलतो आणि कोणावर डाफरतो हे गिरणीवाल्याला कोणी सांगायला नको. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाला हे कळले होते की दमलेला अंमलदार वाईट निवाडा करतो.

नुसता उपदेश करून तो गप्प बसला नाही, त्याने वरती तपासनीसही नेमले. दर पाच वर्षांनी कडक नसलेला, तापट नसलेला, मृदू स्वभावाचा अधिकारी फेरीवर पाठवायचा, आणि खालचे लोक नीट वागतात की नाही हे त्याने पाहायचे. उज्जैनीच्या आणि तक्षशिलेच्या कारभाऱ्यांनी तर तीन वर्षांच्या आतच अशी फेरी काढायची. शिवाय हा लेख पुष्य नक्षत्राच्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मधल्या दिवसांतही, ऐकणारा एकटा असला तरी वाचायचा. आमच्या गिरणीच्या गेटवर नोटीस लागली की ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे आणि बाकीचे मागे उभे राहून ऐकत. आपल्या हक्काचे काय लिहिले आहे हे न वाचणाऱ्यालाही कळले म्हणजे साहेबाला जरा सांभाळून वागावे लागते. कलिंगच्या शेतकऱ्याने, विणकराने असेच उभे राहून ऐकले असेल की आपल्याला उगाच डांबता येत नाही, आणि हे राजानेच सांगितले आहे.

दुसरा लेख सरहद्दीवरच्या, अजून न जिंकलेल्या लोकांविषयी आहे. त्यांनी आपल्याला भिऊ नये, आपल्याकडून त्यांना दुःख नव्हे तर सुखच मिळेल असा भरवसा त्यांना द्या, असे तो अधिकाऱ्यांना सांगतो. कलिंगची कत्तल होऊन गेल्यावर शेजारच्या टोळ्यांची झोप उडाली असणारच. फौज पाठवून बसवलेली शांतता एक, आणि भीती काढून आणलेली शांतता दुसरी. राजाने दुसरीचा रस्ता धरला.

पण आपण अशोकाला हार घालतो म्हणून त्याची उणी बाजू झाकायची नाही. उचलून नेलेल्या त्या दीड लाख माणसांना परत आणल्याचे कोणत्याही लेखात नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवी गावे वसवण्यासाठी परमुलखातली माणसे आणावीत असे सांगितले आहे. म्हणून ती माणसे कुठल्यातरी रानात जमीन मोडायला लावली असावीत, असा तर्क अभ्यासक करतात. त्यांच्यापैकी किती जणांना आपली नदी पुन्हा दिसली असेल? गाव सुटण्याचे दुःख आपल्या चाळीत कोणाला नाही? पण आपण तरी पोटासाठी आलो, त्यांना बांधून नेले. कलिंगचे राज्यही त्याने परत दिले नाही. अरण्यातल्या लोकांना तर त्याच तेराव्या लेखात पश्चात्तापाबरोबर आपल्या ताकदीची आठवणही करून दिली आहे. फाशीची शिक्षाही त्याने बंद केली नाही, फक्त मरणाऱ्याला तीन दिवसांची मुदत दिली.

धम्माचे म्हणाल तर त्यातही त्याने स्वतःला मोठेपणा दिलेला नाही. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा प्रयत्न केला नाही, संघाच्या सहवासात गेल्यावर कामाला लागलो, असे त्याने एका छोट्या लेखात मोकळेपणी मान्य केले. त्यानंतर मात्र तो थांबला नाही. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, औषधी झाडांची लागवड, रस्त्याला वड आणि आंबे, विहिरी, धर्मशाळा, सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा कैद्यांची सुटका. युद्धाच्या नगाऱ्याच्या जागी धम्माचा घोष आला, असे तो चौथ्या लेखात अभिमानाने सांगतो. लुंबिनीला तो अभिषेकानंतर विसाव्या वर्षी गेला आणि बुद्धाच्या जन्मगावाचा बली नावाचा कर माफ करून शेतीचा हिस्सा आठव्यावर आणला. पाटलिपुत्राच्या संगीतीनंतर देशोदेशी थेर गेले. महाधम्मरक्खित महाराष्ट्रात आले आणि यवन असलेले धम्मरक्खित अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत आले, असे महावंस सांगतो.

शेवटच्या दिवसांत त्याच्या हातात सत्ता उरली नव्हती, खजिना अमात्यांनी अडवला होता, आणि संघाला द्यायला त्याच्याजवळ अर्धा आवळा तेवढा राहिला, तोही त्याने दिला, अशी अशोकावदानात कथा आहे. इ. स. पू. २३२ च्या सुमारास तो गेला. पुढे कलिंगही पुन्हा उभे राहिले. भुवनेश्वरजवळच हाथीगुंफेत तिथल्या खारवेल राजाचा लेख आहे. धौलीच्या टेकडीवर १९७२ साली जपानी बौद्धांच्या पुढाकाराने शांतिस्तूप झाला. खाली त्या लेखाच्या वरच्या अंगाला खडकातून बाहेर येणारा हत्ती आजही आहे. १८३७ साली इंग्रजांना हा लेख सापडला तोपर्यंत तो कोणाला वाचता येत नव्हता.

धौलीला जायला गाडीभाडे पडते, पण आपल्याला तेवढे लांब जायचेही कारण नाही. नालासोपाऱ्याला स्तूप आहे. तिथे आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला, आणि नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ साली मिळाला. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेच हे वर्ष. दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. एका रविवारी आम्ही नातवाला घेऊन गेलो होतो. दगड केवढासा! अक्षरे झिजलेली, आम्हाला एकही वाचता आले नाही. नववा लेख विधी-कर्मकांडाविषयी आहे. आजारपणात, लग्नात, बाळंतपणात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडेच, असे त्यात म्हटले आहे. मग खरा विधी कोणता ते सांगताना राजाने पहिल्यांदा नाव घेतले आहे ते दासांशी आणि मजुरांशी नीट वागण्याचे. नातू विचारत होता, आजोबा, यात मजूर कुठे लिहिलंय. आम्ही काचेवर बोट ठेवले आणि अंदाजाने एक ओळ दाखवली.