पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : दानधर्मातून लोककल्याण

सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या तोरणमाळ या पवित्र स्थानी महाशिवरात्रीच्या पर्वकाळात श्री गोरक्षनाथांच्या दर्शनासाठी महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरात या तिन्ही राज्यांतून असंख्य भाविक येतात. त्यांतील अनेकजण डोंगरवाटा पायी तुडवीत येतात. अशा यात्रेकरूस वाटेत पिण्याचे पाणी, रात्रीचा निवारा आणि पोटास अन्न मिळावे, ही आपल्याकडे फार जुन्या काळापासून धर्मकार्याचीच बाब मानली गेली आहे. या धर्मकार्यास निश्चित उत्पन्नाची जोड देऊन, हिशेब व व्यवस्था लावून ज्यांनी ते भारतभर उभे केले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे चरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे थोडक्यात देत आहोत.

तळोदे आणि होळकर घराणे

अहिल्यादेवींच्या सासरचा आपल्या नंदुरबार जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव होळकर यांचा जन्म सन १६९३ मध्ये जेजुरीजवळील होळ या गावी झाला. लहानपणीच वडील खंडोजी निवर्तल्यामुळे त्यांच्या मातोश्री त्यांना घेऊन आपले बंधू भोजराज बारगळ यांच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तळोदे येथे आल्या. मल्हाररावांचे बालपण तेथेच गेले. पुढे मामांनी आपली कन्या गौतमाबाई त्यांना दिली. तळोद्यातील बारगळांची गढी आजही या आठवणी जागवीत उभी आहे.

तळोद्याच्या या कन्येच्या नावाने पुढे एक महत्त्वाची व्यवस्था निर्माण झाली. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी सन १७३४ मध्ये गौतमाबाईंना स्वतंत्र ‘खासगी’ जहागीर लावून दिली. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लक्ष रुपये होते. सैन्य व राज्यकारभार यांसाठी असलेल्या मुलुखास ‘दौलत’ म्हणत, तर कुटुंबातील स्त्रीच्या अधिकारातील या उत्पन्नास ‘खासगी’ म्हणत. दोहोंचे हिशेब वेगळे असत. सन १७६१ मध्ये गौतमाबाई निवर्तल्यानंतर ही खासगी सूनबाई अहिल्यादेवींकडे आली. भारतभरच्या त्यांच्या दानधर्माचा मूळ झरा तोच होय.

जन्म, विवाह व वैधव्य

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव आज जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसतानाही त्यांनी कन्येस लिहिणे-वाचणे शिकविले. सन १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सन १७४५ मध्ये पुत्र मालेराव व सन १७४८ मध्ये कन्या मुक्ताबाई यांचा जन्म झाला.

सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. त्या वेळी अहिल्यादेवी एकोणतीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला. परंतु पुत्रशोकाने खचलेल्या मल्हाररावांनी आता तूच माझा पुत्र, अशा भावनेने त्यांना परावृत्त केले. वृद्ध सासऱ्यांचा शब्द त्यांनी मानला. पुढील बारा वर्षे मल्हाररावांनी त्यांना वसूल, पत्रव्यवहार, तोफखान्याची सिद्धता अशा सर्व कामांत पारंगत केले. स्वारीवर असताना घरची सर्व जबाबदारी ते निर्धास्तपणे सुनेवर सोपवीत.

कसोटीचा काळ

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. नातू मालेराव गादीवर आले, पण तेही सन १७६७ मध्ये मृत्यू पावले. गादीस वारस उरला नाही. अशा वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक वारस बसवून कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला आणि राघोबादादांस सैन्यासह येण्यास सुचविले. अहिल्यादेवींनी हा बेत साफ नाकारला. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड आदी सरदारांस पत्रे पाठवून साह्य मागितले, सैन्याची सिद्धता केली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. माधवरावांनी त्यांचा अधिकार मान्य केला आणि राघोबादादांस माघार घ्यावी लागली.

याच प्रसंगाशी निगडित एक आख्यायिका आजही सांगितली जाते. राघोबादादांनी खजिन्यातील द्रव्याची मागणी केली असता, हे धन आपण तुळशीपत्र ठेवून धर्मकार्यास अर्पण केले आहे. ते दान म्हणून संकल्प सोडून घ्यावयाचे असल्यास घ्यावे, लढाईसाठी मिळणार नाही, असे उत्तर अहिल्यादेवींनी पाठविले. आख्यायिकेतील तपशील कसाही असो, धर्मार्थ ठेवलेले द्रव्य अन्य कामी जाऊ द्यावयाचे नाही, हा त्यांचा बाणा मात्र त्यांच्या सबंध आयुष्यात दिसून येतो.

सैन्याचे आधिपत्य त्यांनी तुकोजीराव होळकर यांच्याकडे दिले आणि मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. राजधानी नर्मदातीरी महेश्वर येथे नेली. उत्तरेकडील मोहिमांचा खर्च मोठा असल्याने तुकोजीरावांकडून पैशाची निकड वारंवार येई आणि त्यावरून उभयतांत कटुताही निर्माण होई. मोहिमेचा खर्च मोहिमेच्या मुलुखातून व दौलतीच्या वसुलातून भागवावा, हिशेब वेळेवर पाठवावेत, असा अहिल्यादेवींचा आग्रह असे. लष्कराची गरज खरी होती आणि धर्मकार्यही खरे होते. या ओढाताणीत खासगीचे उत्पन्न अखेरपर्यंत लोककार्याकडे वळविणे सोपे नव्हते. अहिल्यादेवींनी ते निग्रहाने केले.

दानाची पद्धत

अहिल्यादेवींची दिनचर्या अत्यंत साधी होती. पहाटेपूर्वी उठणे, स्नान-पूजा, पुराणश्रवण, दान व अन्नदान, मग सात्त्विक भोजन, दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबारात तक्रारींची सुनावणी आणि पुन्हा रात्री उशिरापर्यंत राज्यकारभाराचे काम, असा त्यांचा क्रम असे. दान हा त्यांच्या कारभाराचाच एक भाग होता.

काशी येथील श्री विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी सन १७८० मध्ये पुन्हा उभारले. सोमनाथ येथे सन १७८३ मध्ये नवे मंदिर बांधले. गया येथील विष्णुपद मंदिर सन १७८७ मध्ये त्यांच्याच साह्याने सिद्ध झाले. वेरूळचे श्री घृष्णेश्वर व परळीचे श्री वैजनाथ या ज्योतिर्लिंगांच्या जीर्णोद्धाराशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. चांदवड येथील श्री रेणुकामाता मंदिर व रंगमहाल, तसेच महेश्वर येथील भव्य घाट पाहिल्याशिवाय त्यांच्या कार्याची पूर्ण कल्पना येत नाही.

परंतु त्यांचे खरे वैशिष्ट्य मंदिरे बांधण्याहून अधिक आहे. मंदिराबरोबर घाट, घाटाबरोबर धर्मशाळा, धर्मशाळेजवळ विहीर किंवा बारव आणि शक्य तेथे अन्नछत्र, असा एकत्रित विचार त्यांच्या कामात दिसतो. बांधकाम पूर्ण झाले म्हणजे काम संपले, असे त्या मानीत नसत. पूजा, नंदादीप, अन्नछत्र आणि दुरुस्ती यांसाठी त्या कायमचे वर्षासन लावून देत. बांधणारा गेला तरी विहिरीतील गाळ निघावा, धर्मशाळेचे छप्पर शाकारले जावे, छत्रातील चूल विझू नये, यासाठी ही तरतूद असे.

इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांनी सन १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात अहिल्यादेवींच्या कारभाराची माहिती त्या काळच्या जाणत्या लोकांकडून घेऊन दिली आहे. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी पाजण्यासाठी वाटेवर माणसे नेमलेली असत, थंडीत गरिबांना उबदार वस्त्रे दिली जात, इतकेच नव्हे तर नांगरास जुंपलेल्या बैलांनाही शेतावर पाणी पाजण्याची व्यवस्था होती, असे त्यांनी नोंदविले आहे. दूरच्या देवस्थानांस गंगोदक पोहोचविणाऱ्या कावडींची व्यवस्थाही त्यांनी लावली होती. महेश्वर येथे विणकरांना आश्रय देऊन त्यांनी जो हातमागाचा व्यवसाय वाढविला, त्याची वस्त्रे आजही प्रसिद्ध आहेत.

खरगोन येथील प्रसंग

त्याच ग्रंथातील एक हकीकत विशेष बोधप्रद आहे. तोरणमाळच्या पूर्वेस निमाडात खरगोन हे गाव आहे. तेथील दोन धनाढ्य सावकार निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवांनी आपली सर्व संपत्ती अहिल्यादेवींच्या चरणी अर्पण करण्याची इच्छा दर्शविली. त्या काळी निपुत्रिकाचे धन सरकारजमा करणे हा राज्यकर्त्यांना हक्कच वाटे. अहिल्यादेवींनी मात्र ते द्रव्य घेतले नाही. आपल्या नावाला शोभेल आणि गावाच्या उपयोगी पडेल अशा कामी ते लावावे, असा सल्ला त्यांनी त्या भगिनींना दिला. त्यातून नदीवर घाट झाला व गणपतीचे मंदिर उभे राहिले. दान राजाकडे न जाता गावाकडे गेले आणि दात्या स्त्रियांचा मानही राहिला.

डोंगरवाटांचे रक्षण

सातपुडा आणि विंध्याद्रीच्या वाटा त्या काळी यात्रेकरूंना निर्धोक नव्हत्या. आरंभी अहिल्यादेवींनी डोंगरातील भिल्ल नायकांशी सामोपचाराने वागून पाहिले, काही वेळा कठोर उपायही योजले. परंतु कायमचा तोडगा निघाला तो त्यांचा हक्क मान्य केल्यावर. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पशी ‘भिल्लकवडी’ घेण्याचा भिल्लांचा परंपरागत अधिकार त्यांनी मान्य केला आणि पडीक जमिनी लागवडीस दिल्या. त्या बदल्यात आपापल्या हद्दीतील वाटांचे रक्षण करणे आणि चोरी झाल्यास माल शोधून देणे, ही जबाबदारी भिल्ल नायकांनी पत्करली. ज्यांची भीती वाटत असे, तेच वाटेचे राखणदार झाले. डोंगरातील रहिवाशांस उपजीविका मिळाल्यावाचून डोंगरवाटेवरील यात्रा सुखरूप होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

अखेरची वर्षे

लोकांचे अश्रू पुसणाऱ्या या मातेच्या वाट्याला स्वतःचे दुःख मात्र फार आले. पती, सासू, सासरे, पुत्र यांच्यामागून नातू नथ्याबाही अकाली गेला. सन १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती गेल्या. अहिल्यादेवींनी कन्येची परोपरीने विनवणी केली, पण ती व्यर्थ ठरली. या आघातानंतरही त्यांनी दरबार, हिशेब व दानधर्म यांत खंड पडू दिला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

खासगीचा वारसा

अहिल्यादेवींच्या पश्चातही खासगीची व्यवस्था होळकर संस्थानात चालू राहिली. सन १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाल्यावर या धर्मादायांचे काय होणार, हा प्रश्न निर्माण झाला. सन १९६२ मध्ये त्यासाठी न्यास स्थापन करण्यात आला. देशाच्या विविध भागांतील २४६ मालमत्ता त्याच्याकडे होत्या. त्यांत मंदिरे, घाट, धर्मशाळा, छत्र्या यांचा समावेश होता. पुढे काही मालमत्तांच्या हस्तांतरणावरून वाद न्यायालयात गेला. हा न्यास सार्वजनिक असून त्यास मध्य प्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ रोजी दिला. धर्मार्थ दिलेले धन धर्मार्थच राहिले पाहिजे, हा अहिल्यादेवींचा आग्रह अशा रीतीने सव्वादोनशे वर्षांनंतरही न्यायाच्या कसोटीवर पुन्हा तपासला गेला.

सन २०२५ मध्ये त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांची पुण्याई सांगताना मंदिरांची नावे आपण आवर्जून घेतो. त्याबरोबर त्यांच्या दानाची शिस्तही स्मरणात ठेवावी. महाराष्ट्रातील देवस्थानांस सन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते व हिशेब ठेवावे लागतात. दान देणाऱ्या भाविकाने पावती घ्यावी आणि आपले दान कोणत्या कामी लागले याची आस्थेने चौकशी करावी. त्यात संकोच मानू नये. वाटेवरची विहीर स्वच्छ ठेवणे, तलावात कचरा न टाकणे, डोंगरातील पाड्यांवर राहणाऱ्या बांधवांकडून चार वस्तू रास्त भावाने घेणे, हेही लहानसे दानच होय. श्री गोरक्षनाथांच्या दर्शनास येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या हातून असे सत्कार्य घडो, हीच प्रार्थना.