श्यामच्या घरावरचे कर्ज

थोर माणसांच्या बाबतीत समाज मोठा हिशेबी असतो. त्यांच्यातील जे आपल्या सोयीचे असते ते तो जपून ठेवतो, आणि जे पेलवत नाही ते कालौघात सोडून देतो. पांडुरंग सदाशिव साने या नावाच्या माणसाच्या वाट्याला हा न्याय जितका आला तितका क्वचितच दुसऱ्या मराठी लेखकाच्या वाट्याला आला असेल. आज साने गुरुजी म्हटले की एक आई आठवते, डोळ्यांतले पाणी आठवते आणि शाळेच्या पटांगणावर हात जोडून म्हटलेली प्रार्थना आठवते. या आठवणी खोट्या नाहीत. परंतु त्या अपुऱ्या आहेत, आणि हा अपुरेपणा योगायोगाने आलेला नाही, असे म्हणणे भाग आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे. कोकणात खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. त्याने सारा वसूल करावयाचा आणि त्या अधिकाराच्या बळावर गावात मानाने राहावयाचे. आजोबांच्या काळातील या घरची सुबत्ता वडिलांच्या, म्हणजे सदाशिवरावांच्या, काळात ओसरली. वाटण्या झाल्या, कर्ज वाढले आणि जप्तीची पाळी आली. खोतीचा मान आणि घरातले दारिद्र्य यांच्या कात्रीत मुलाचे बालपण गेले. दापोलीच्या मिशन शाळेत काही काळ शिक्षण झाले. पुढे गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे कळल्यावरून तो औंध संस्थानात गेला, आणि तेथे प्लेगाची साथ आल्यावर पुण्याला आला. नूतन मराठी विद्यालयातून तो १९१८ मध्ये मॅट्रिक झाला. त्याच्या आदल्या वर्षी आई, यशोदाबाई, गेली. शिक्षणासाठी दूर असलेल्या मुलाला तिची अखेरची भेट घडली नाही. ही चुटपुट त्याच्या साऱ्या आयुष्याला व्यापून राहिली.

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण पुरे करून साने अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाले. १९२४ मध्ये ते तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. ज्या प्रतापशेठांच्या औदार्यावर हे तत्त्वज्ञान मंदिर आणि ही शाळा उभी होती, तेच अमळनेरच्या कापड गिरणीचे मालक होते. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. शाळेच्या वसतिगृहाचे काम साने यांच्याकडे आले आणि तेथे त्यांचे गुरुजी झाले. मुलांची अंथरुणे आवरणे, आजाऱ्यांची सेवा करणे, रात्री जागून वसतिगृहापुरते हस्तलिखित दैनिक काढणे आणि सकाळी ते मुलांच्या हाती देणे, हा त्यांचा क्रम होता. 'विद्यार्थी' हे मासिकही त्यांनी याच काळात चालविले. मराठी बालवाङ्मयातील त्यांची वाट या हस्तलिखित पानांतून सुरू झाली. समोर कोणते मूल बसले आहे हे ठाऊक असणाऱ्या माणसाचे ते लेखन होते, आणि पुढील सर्व पुस्तकांत ते तसेच राहिले.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली तेव्हा गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली. त्यानंतरच्या आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात गेला. मात्र तुरुंग त्यांना विद्यापीठासारखा उपयोगी पडला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांतील कैद्यांच्या सहवासात त्यांनी परभाषांचा अभ्यास केला आणि पुढे तमिळमधील 'कुरल' मराठीत आणले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी गीतेवर जी अठरा प्रवचने दिली, ती टिपून घेण्याचे काम गुरुजींनी केले. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे तो त्यांच्या वेगवान लेखणीमुळे. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाविषयी एक गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष जाणवते. श्यामची आई ही मातृप्रेमाची कथा आहे, यात वाद नाही. तथापि तिच्या बेचाळीस रात्री ओळीने वाचल्या म्हणजे लक्षात येते की ही एका कुटुंबाच्या आर्थिक अधःपाताचीही कथा आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, घरातल्या बाईला बोलू नये ते बोलतो, घराच्या जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते, आणि आई आजारी पडते ती या अपमानांची परंपरा सोसल्यावर. कर्ज माणसाचे नुसते धन नेत नाही, त्याचे बोलणे, चालणे, गावात वर मान करून वावरणे हे सारे नेते, ही गोष्ट ग्रामीण कर्जबाजारीपणावरील अहवाल आकड्यांच्या भाषेत सांगतात. गुरुजींनी ती दहा वर्षांच्या मुलालाही कळेल अशा भाषेत सांगितली. आपण मात्र संस्कार तेवढे उचलले आणि कर्ज पुस्तकातच ठेवले.

गुरुजींनी स्वतः ते ठेवले नाही. तुरुंगाबाहेर आल्यावर ते पूर्व खानदेशातील शेतकऱ्यांत मिसळले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्याच्या यशासाठी ते गावोगाव हिंडले. १९३८ मध्ये अतिवृष्टीने खानदेशातील पिके बुडाली, तेव्हा शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून त्यांनी शेतकऱ्यांना संघटित केले. त्या वेळी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे, म्हणजे काँग्रेसचेच, मंत्रिमंडळ अधिकारावर होते. आपल्याच पक्षाच्या सरकारपुढे शेतकऱ्यांची बाजू घेऊन उभे राहण्यास गुरुजी कचरले नाहीत. त्याच वर्षी अमळनेरहून त्यांनी 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले. अमळनेर आणि धुळे येथील गिरणी कामगारांच्या संघटनेतही ते उतरले. ज्या गावात गिरणीमालकाच्या देणगीने चाललेल्या शाळेत त्यांनी सहा वर्षे शिकविले, त्याच गावात ते गिरणीच्या मजुरांच्या बाजूस गेले. हळव्या म्हणून समजल्या जाणाऱ्या या माणसाच्या ठिकाणी केवढा कणखरपणा होता, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

त्यांच्या कादंबऱ्यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. 'धडपडणारी मुले', 'क्रांती', 'आस्तिक', 'सती' या कादंबऱ्या कलादृष्ट्या निर्दोष आहेत असे त्यांचा चाहताही म्हणणार नाही. पात्रे पुष्कळदा लेखकाच्याच आवाजात बोलतात, भावना काठ सोडून वाहते, आणि योगायोगांना सुमार राहत नाही. समीक्षकांनी हे दोष दाखविले ते योग्यच होय. परंतु कादंबरी ज्यांच्या घरी कधी गेलीच नव्हती, त्या खेड्यांतील तरुणांसाठी हे लेखन होते. व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' ही महाकाय कादंबरी 'दुःखी' या नावाने आणि जॉर्ज एलियटची 'सायलस मार्नर' ही 'मनूबाबा' या नावाने त्यांनी मराठी मुलांना सांगितली. त्यांच्या 'गोड गोष्टी' म्हणजे एका अर्थी जगाच्या साहित्याचे स्वस्त वाचनालय होते. 'भारतीय संस्कृती' मध्ये त्यांनी परंपरेतील उदार तेवढे वेचून तरुणांपुढे ठेवले. शिवाय 'स्त्री जीवन' या संग्रहात जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांनी निरक्षर बायकांच्या शब्दांना छापील पुस्तकात जागा दिली. हे काम एकट्यानेही त्यांचे नाव राखण्यास पुरेसे होते.

जातीच्या प्रश्नावर त्यांनी टाकलेले पाऊल तर आईच्याही पुढचे होते. 'श्यामची आई' मध्ये एका म्हातारीचा प्रसंग आहे. तिच्या डोक्यावरची मोळी पडते, ती अस्पृश्य असल्यामुळे कोणी हात लावीत नाही, आणि आई श्यामला मोळी उचलून देण्यास पाठविते. मात्र घरी येऊन आंघोळ करण्यासही सांगते. त्या काळच्या एका ब्राह्मण गृहिणीचा धीर तेथवर गेला, हे थोडे नव्हे. मुलगा मात्र त्या आंघोळीपाशी थांबला नाही. १९४७ च्या आरंभी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी सुमारे चार महिने महाराष्ट्रभर दौरा केला. आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. दादासाहेब मावळंकरांसारख्यांच्या मध्यस्थीने दहा दिवसांनी ते सुटले, आणि मंदिराची दारे उघडली. शेकडो वर्षे चोखोबाची पायरी बाहेर ठेवणाऱ्या समाजाला हा धक्का देणारा माणूस पंढरीच्याच भक्तिपरंपरेतला होता. आईचे ऋण फेडण्याचा मार्ग तिची पूजा करीत बसणे हा नसून ती जेथे थांबली तेथून पुढे जाणे हा होय, असे त्यांच्या वागण्याने दाखवून दिले.

स्वातंत्र्य आले, पण त्यापाठोपाठ फाळणीचा रक्तपात आणि गांधीजींची हत्याही आली. हत्येनंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. त्या दिवशी आमचा बीड जिल्हा अजून निजामाच्या राज्यात होता. मराठवाडा मुक्त व्हावयास आणखी महिना लागणार होता. पुण्यात १९४९ मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांतील माणसांनी एकमेकांची भाषा आणि वाङ्मय शिकावे, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी कायद्याने कोकणातील खोती नष्ट झाली, आणि ज्या व्यवस्थेच्या उतरणीवर हा मुलगा जन्मला होता ती इतिहासजमा झाली. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. वय अवघे पन्नास होते. त्या कृत्याचा अर्थ लावण्याचा अधिकार आपणास नाही. स्वतंत्र भारताकडून त्यांच्या फार मोठ्या अपेक्षा होत्या, एवढे मात्र त्यांच्या अखेरच्या काळातील लेखनावरून दिसते.

मृत्यूनंतर कीर्ती वाढली. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये काढलेल्या 'श्यामची आई' या चित्रपटाने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले. कथामाला निघाल्या, स्मारके झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले. कीर्ती वाढली तसतसे गुरुजी अधिकाधिक निरुपद्रवी होत गेले. वक्तृत्वस्पर्धेतील विषय म्हणून ते उरले. शेतसाऱ्याचे, गिरणीचे आणि पंढरपूरचे गुरुजी चरित्राच्या मागच्या पानांत गेले.

या गोष्टीची खंत चौसाळ्यासारख्या ठिकाणी अधिक तीव्रतेने वाटते. सोलापूर-धुळे महामार्ग आमच्या गावावरून जातो. म्हणजे त्याचे एक टोक गुरुजींच्या तुरुंगाकडे आणि खानदेशाकडे, तर दुसरे पंढरपूरच्या बाजूस आहे. बालाघाटाच्या या कोरडवाहू मुलखातून दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडावयाची असते, आणि ती न फिटल्यास पुढील हंगामाच्या खात्यावर जाते. मुले आजीआजोबांपाशी राहतात, हंगामी वसतिगृहात राहतात किंवा फडावर जातात. सावकारीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९४६ मध्ये झाला, २०१४ मध्ये नवा झाला. पण मजुरीच्या पोटात दडलेल्या या कर्जाला सावकाराचे नावच नसल्यामुळे ते कायद्याच्या नजरेस सहसा पडत नाही. या मुलांना शाळेत आईची थोरवी शिकविली जाते, त्या वेळी त्यांची आई तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असते. त्यांना श्यामची आई समजावून सांगावयाची असेल, तर श्यामच्या घरावरचे कर्जही समजावून सांगावे लागेल. ते त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजेल, याविषयी शंका नको.

याकरिता फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्क आपल्या कायद्याने संपतो. त्यानुसार २०११ पासून गुरुजींचे सारे लेखन जनतेच्या मालकीचे झाले आहे. त्याचा लाभ घेऊन प्रकाशकांनी 'श्यामची आई' च्या आवृत्तींमागून आवृत्ती काढल्या. शेतकऱ्यांविषयीचे, कामगारांविषयीचे आणि अस्पृश्यतेविषयीचे त्यांचे लेखन निवडून एखादे स्वस्त पुस्तक काढण्यास मात्र कोणाची आडकाठी नसतानाही फारसे कोणी पुढे येत नाही. जिल्ह्यातील दोनचार महाविद्यालयांनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी मनावर घेतले तर हे काम वर्षभरात होण्याजोगे आहे. ते पुस्तक हंगामी वसतिगृहांत आणि माध्यमिक शाळांत जावे, आणि तेथील शिक्षकांनी पाठांतरासाठी नव्हे तर चर्चेसाठी ते वापरावे.

गुरुजींनी मुलांना रडावयास शिकविले, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. वस्तुतः त्यांनी दुसऱ्याचे दुःख पाहून रडावयास आणि रडून झाल्यावर कामास लागावयास शिकविले. त्यांतील पहिला अर्धा भाग आपण पंचाहत्तर वर्षे गिरविला आहे. उरलेला अर्धा शिकावयाचा राहिला आहे.