तांबड्या केसांचे धर्मगुरू : अंतोनिओ विवाल्दी

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील 'चार ऋतू' ही व्हायोलिनची रचना आज जगभर ऐकली जाते. तिचे रचनाकार एक कॅथलिक धर्मगुरू होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. फादर अंतोनिओ विवाल्दी हे त्यांचे नाव.

४ मार्च १६७८ रोजी व्हेनिस शहरात त्यांचा जन्म झाला. बाळाच्या जिवाला धोका वाटल्याने सुईणीने घरीच त्याला स्नानसंस्कार दिला. चर्चमधील उरलेले विधी दोन महिन्यांनी पार पडले. वडील मूळचे न्हावी. पुढे ते संत मार्क महामंदिरात व्हायोलिनवादक झाले. त्यांच्याकडूनच अंतोनिओंना या वाद्याचे शिक्षण मिळाले. २३ मार्च १७०३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. केसांच्या रंगामुळे लोक त्यांना 'तांबडे धर्मगुरू' म्हणू लागले.

परंतु छातीच्या जन्मजात विकाराने त्यांचा पिच्छा सोडला नाही. काही वर्षांतच त्यांनी मिस्सा अर्पण करणे थांबवले. सुचलेली धून लिहून घेण्यासाठी ते वेदी सोडून जात, अशी आख्यायिका पसरली. स्वतः विवाल्दींनी मात्र पुढे एका पत्रात आजाराचेच कारण दिले. दम लागल्यामुळे मिस्सा अर्धवट सोडण्याची वेळ आपल्यावर तीनदा आली होती, असे त्यांनी त्यात कळवले.

गुरुदीक्षेच्या वर्षीच ते 'पिएता' या अनाथालयात व्हायोलिन शिकवू लागले. या संस्थेच्या भिंतीत एक कोनाडा होता. दारिद्र्याने वा लोकलाजेने गांजलेल्या माता आपली तान्ही बाळे तिथे ठेवून जात. मुलगे कलाकौशल्य शिकून बाहेर पडत; मुली मात्र तिथेच राहत. त्यांतील गुणी मुलींना संगीताचे कसून शिक्षण मिळे. जाळीआड बसून त्या गात-वाजवत आणि ते ऐकण्यासाठी युरोपभरचे प्रवासी येत. ज्यांना आडनावही नव्हते, त्या वाद्याच्या किंवा आवाजाच्या नावाने ओळखल्या जात. त्यांच्यातीलच आन्ना मारिया हिच्यासाठी विवाल्दींनी व्हायोलिनच्या कित्येक कठीण रचना केल्या. १७१६ साली त्यांनी पवित्र शास्त्रातील ज्युडिथची कथा संगीतबद्ध केली, तेव्हा त्यातील पुरुषपात्रेही या मुलींनीच गायली.

'चार ऋतू' १७२५ साली आम्स्टरडॅम येथे छापली गेली. प्रत्येक ऋतूसोबत एकेक सुनीत जोडलेले आहे. वसंतात पाखरे किलबिलतात, झोपलेल्या गुराख्याजवळ कुत्रा भुंकतो. ग्रीष्मात वादळ कोसळते. हिवाळ्यात दात कडकडतात. हे सारे केवळ तंतुवाद्यांतून ऐकू येते. ग्रीष्मातील वादळात पीक आडवे होते, हे आपल्या शेतकरी बांधवांना समजावून सांगायला नको!

कीर्ती मिळाली, तशी टीकाही वाट्याला आली. विवाल्दी ऑपेरांच्या व्यवसायात गुंतले होते. १७३७ साली फेर्राराचे कार्डिनल रुफ्फो यांनी त्यांना शहरात येण्यास मनाई केली. ते मिस्सा अर्पण करत नाहीत आणि आन्ना जिरो या गायिकेशी त्यांची जवळीक आहे, ही कारणे दिली गेली. विवाल्दींनी आरोप नाकारला, परंतु मनाई उठली नाही व मोठे आर्थिक नुकसान झाले. व्हेनिसचीही आवड पालटत होती. १७४० साली आपली हस्तलिखिते विकून ते बाहेर पडले व व्हिएन्नाला गेले. ज्या सम्राटाचा आधार वाटत होता, ते सहावे चार्ल्स त्याच वर्षी निवर्तले. २८ जुलै १७४१ रोजी विवाल्दींनी तिथेच देह ठेवला. एका इस्पितळाच्या दफनभूमीत त्यांना साधेपणाने पुरण्यात आले. पुढे जग त्यांना जवळजवळ विसरले.

१९२६ साली इटलीतील एका सलेशियन शाळेने आपला जुना ग्रंथसंग्रह विकायला काढला. तुरीन विद्यापीठाचे प्राध्यापक अल्बेर्तो जेंतिली यांना त्यात विवाल्दींच्या हस्तलिखितांचे गठ्ठे आढळले. ग्रंथालयाकडे पैसा नव्हता. तेव्हा रोबेर्तो फोआ यांनी आपल्या दिवंगत बाळाच्या, माउरोच्या स्मरणार्थ तो संग्रह विकत घेऊन दान केला. उरलेला अर्धा भाग एका उमराव घराण्याकडे सापडला. १९३० साली फिलिप्पो जोर्दानो यांनी तोही विकत घेऊन दिला. त्यांनीही आपला लहानगा मुलगा रेंझो गमावला होता. १९३९ साली सिएना येथे विवाल्दींचे 'ग्लोरिया' हे गौरवगीत पुन्हा गायले गेले. आज ते जगभरच्या चर्चमधून गायले जाते.

टाकून दिलेल्या मुलींसाठी ज्या धर्मगुरूने आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्याचे संगीत दोन शोकाकुल पित्यांनी आपल्या लेकरांच्या नावाने वाचवले. विवाल्दी संत नव्हते. त्यांच्या गुरुजीवनात उणिवाही असतील. परंतु वेदीपाशी ज्यांचा श्वास पुरला नाही, त्यांनी जाळीआडच्या मुलींना देवाचे गौरव गाण्यासाठी सूर दिले. आपल्या धर्मग्रामातील ज्या लेकरांची कुणी दखल घेत नाही, त्यांच्या गळ्यात काय दडले आहे, हे आपण कधी ऐकून पाहिले आहे का?