ऑलिव्हर हेविसाइड : तारेंतील लहरींचे अभ्यासक

विद्युत्शास्त्रांत ज्यांचें नांव आज आदरानें घेतलें जातें, परंतु ज्यांस हयातींत दीर्घकाळ उपेक्षा सोसावी लागली, अशा एका गृहस्थांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ऑलिव्हर हेविसाइड यांचा जन्म ता. १८ मे १८५० रोजीं लंडन शहरांत कॅम्डन टाउन येथें एका गरीब घरीं झाला. वडील लाकडावर चित्रें कोरण्याचा धंदा करीत. बाळपणींच्या तापानें ऑलिव्हर यांस ऐकूं कमी येऊं लागलें, व सोळाव्या वर्षीं त्यांची शाळा सुटली. तारायंत्राच्या शोधामुळें नांवाजलेले चार्ल्स व्हीटस्टन हे त्यांच्या मावशीचे यजमान. ऑलिव्हर यांनींही तारेचें काम शिकून १८६८ सालीं डेन्मार्कांत तारमास्तराची नोकरी धरली. १८७४ सालीं ती सोडल्यावर त्यांनीं पुन्हां कधीं चाकरी केली नाहीं. आईबापांच्या घरीं बसून मॅक्सवेल यांचा १८७३ सालचा विद्युत् व चुंबक यांवरील ग्रंथ त्यांनीं आपला आपण अभ्यासिला.

त्या काळीं लांब तारेंतून पाठविलेली खूण वाटेंत पसरून अस्पष्ट होई. विल्यम टॉमसन यांनीं १८५५ च्या सुमारास समुद्रांतील तारेचें गणित मांडिलें होतें. परंतु प्रवाह बदलूं लागतांच त्या बदलास विरोध करणारा तारेचा जो चुंबकीय गुण, म्हणजे स्वयंप्रेरण, तो त्यांत धरिला नव्हता. हेविसाइड यांनीं १८७६ सालीं तो धरिला, आणि खूण ही लहरीप्रमाणें धांवते असें दिसून आलें.

ही गोष्ट सोप्या रीतीनें सांगूं. दोराचें एक टोंक झाडास बांधून दुसऱ्यास झटका द्यावा. उठलेली लहर झाडापर्यंत जाऊन उलटी परत येते. तारेचेंही तसेंच आहे. जिच्यांत कांहींच ऊर्जा वायां जात नाहीं अशी आदर्श जोडतार घेतली, तर धांवत्या लहरींतील ऊर्जा अर्धी विद्युत्क्षेत्रांत व अर्धी चुंबकीय क्षेत्रांत सांठलेली असते. पुढचें टोंक उघडें असेल तर लहर परत फिरते. जेथें जाणारी व येणारी लहर एकत्र होतात तेथें दाब दुप्पट होतो, प्रवाह शून्य होतो, आणि सारी ऊर्जा विद्युत्क्षेत्रांत जाते. दोन्ही तारा टोंकाशीं जोडल्या तर याच्या उलट : दाब शून्य, प्रवाह दुप्पट, आणि सारी ऊर्जा चुंबकीय. कोणत्याही प्रकारें ऊर्जा नाहींशी होत नाहीं. मात्र टोंकास तारेच्या मानाचा योग्य रोध लाविला, तर तो सारी लहर गिळून टाकितो व कांहींच परत येत नाहीं.

खऱ्या तारेंत रोध व गळती असतेच. तरी या दोहोंचें स्वयंप्रेरण व धारणशक्ति यांशीं योग्य प्रमाण राखिल्यास खूण क्षीण होईल, पण तिचा आकार बिघडणार नाहीं, असें हेविसाइड यांनीं १८८७ सालीं दाखविलें. याकरितां बहुधा स्वयंप्रेरण वाढवावें लागतें. परंतु ब्रिटिश पोस्टखात्याचे मोठे इंजिनियर विल्यम प्रीस हे स्वयंप्रेरणास शत्रु मानीत. हेविसाइड व त्यांचे बंधु आर्थर यांचा टेलिफोनवरील निबंध त्यांनीं छापूं दिला नाहीं. त्याच सालीं एका विद्युत्विषयक साप्ताहिकांतील हेविसाइड यांची लेखमालाही थांबली. पुढें १८८९ सालीं खुद्द टॉमसन यांनीं त्यांच्या कार्याची जाहीर वाखाणणी केली, व १८९१ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. तारेंत ठिकठिकाणीं वेटोळीं घालून स्वयंप्रेरण वाढविण्याचें पेटंट मात्र १९०० सालीं अमेरिकेंत मायकेल प्युपिन यांस मिळालें. पैसाही त्यांसच मिळाला.

हेविसाइड यांनीं मॅक्सवेल यांचीं समीकरणें आज शिकवितात त्या आटोपशीर रूपांत आणिलीं. वातावरणांत वर रेडिओलहरींस परतविणारा थर असावा, असें त्यांनीं १९०२ सालीं सुचविलें. १९२२ सालीं पहिलें फॅरडे पदक त्यांस देण्यांत आलें. पण शेवटचीं वर्षें टॉर्की येथें एकांतांत व ओढग्रस्तींत गेलीं. ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं ते वारले.

ज्या गुणास अधिकारी शत्रु म्हणत होते तोच तारेचा मित्र ठरला. हें ज्यानें ओळखिलें त्याच्यापाशीं ना पदवी होती, ना हुद्दा. होतें तें बरोबर गणित, आणि तें सोडून न देण्याची चिकाटी.