जॉर्ज बूल

जॉर्ज बूल (२ नोव्हेंबर, १८१५: लिंकन, इंग्लंड – ८ डिसेंबर, १८६४: कॉर्क, आयर्लंड) हे इंग्लिश गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ व शिक्षक होते. तर्कशास्त्रातील विधाने बीजगणिताच्या समीकरणांप्रमाणे मांडून सोडवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकताना सुरुवातीलाच भेटणारे 'आणि', 'किंवा' व 'नाही' हे तार्किक क्रियाकारक (ऑपरेटर) याच पद्धतीतून पुढे आले. 'बूलियन' हा शब्द त्यांच्या आडनावावरून रूढ झाला आहे.

सुरुवातीचे जीवन

बूल यांचे वडील जॉन हे चर्मकार होते. त्यांना व्यवसायापेक्षा गणित आणि दुर्बिणींसारखी प्रकाशीय उपकरणे बनवण्यात अधिक रस असल्याने घरची आर्थिक स्थिती बेताचीच राहिली. जॉर्ज यांना प्राथमिक शाळेपलीकडे फारसे औपचारिक शिक्षण मिळाले नाही. लॅटिनचे प्रारंभिक धडे त्यांनी एका परिचित पुस्तकविक्रेत्याकडून घेतले, तर ग्रीक व आधुनिक युरोपीय भाषा स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केल्या. वयाच्या १६व्या वर्षी घरखर्चाचा भार त्यांच्यावर आला आणि त्यांनी डॉनकास्टर येथे साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. १८३४ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, त्यांनी लिंकन येथे स्वतःची शाळा काढली. दिवसा अध्यापन करून उरलेल्या वेळात ते लाग्रांज व लाप्लास यांचे ग्रंथ अभ्यासत. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

कारकीर्द

केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकात बूल यांचे लेख प्रसिद्ध होऊ लागले. १८४४ मध्ये गणितीय विश्लेषणातील एका सर्वसाधारण पद्धतीवरील निबंधाबद्दल रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल पदक दिले. १८४७ मध्ये तर्कशास्त्राच्या गणितीय विश्लेषणावरील त्यांची पुस्तिका प्रकाशित झाली. ऑगस्टस डी मॉर्गन आणि एडिंबरा येथील तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन यांच्यातील वाद तिला निमित्त ठरला होता. १८४९ मध्ये कॉर्क येथे नव्याने सुरू झालेल्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. विचारांच्या नियमांवरील त्यांचा प्रमुख ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. १८५९ मध्ये त्यांनी अवकल समीकरणांवर पाठ्यपुस्तक लिहिले.

तर्काचे बीजगणित

बूल यांनी अक्षरांचा उपयोग संख्यांऐवजी वस्तूंच्या समूहांसाठी केला. क्ष म्हणजे पांढऱ्या वस्तू आणि य म्हणजे मेंढ्या मानल्यास क्ष × य याचा अर्थ पांढऱ्या मेंढ्या असा होतो. 'पांढऱ्या' ही अट दोनदा लावली तरी समूह बदलत नाही, म्हणून क्ष × क्ष = क्ष. नेहमीच्या संख्यांपैकी हा नियम केवळ ० आणि १ पाळतात. यांपैकी ० म्हणजे काहीच नाही व १ म्हणजे विचाराधीन सर्व वस्तू, असा अर्थ बूल यांनी लावला. त्यामुळे १ − क्ष म्हणजे 'क्ष नसलेले सर्व काही' असे ठरते. क्ष × (१ − क्ष) = ० या समीकरणातून, एकच वस्तू एकाच वेळी क्ष असणे आणि नसणे शक्य नाही, हे पारंपरिक तर्कशास्त्रातील तत्त्व सिद्ध होते.

बेरजेबाबत मात्र बूल यांची मांडणी आजच्यापेक्षा वेगळी होती. परस्परांत न मिसळणाऱ्या समूहांचीच बेरीज ते अर्थपूर्ण मानत. दोन्ही समूहांत असलेल्या वस्तूही सामावून घेणारा 'किंवा' विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी सुचवला, पण बूल यांनी तो स्वीकारला नाही. पुढे जेव्हन्स यांचाच अर्थ प्रचलित झाला.

कौटुंबिक जीवन व मृत्यू

१८५५ मध्ये बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. मेरी या भारताचे माजी महासर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी होत. या दांपत्याला पाच मुली झाल्या. त्यांपैकी अ‍ॅलिशिया यांनी चतुर्मितीय भूमितीत काम केले, ल्यूसी रसायनशास्त्रज्ञ झाल्या, तर एथेल लिलियन व्हॉयनिच कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाल्या.

१८६४ च्या हिवाळ्यात बूल भर पावसात घरून महाविद्यालयात चालत गेले आणि ओल्या कपड्यांतच त्यांनी व्याख्यान दिले. त्यानंतर त्यांना ताप येऊन फुप्फुसांचा विकार जडला. वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी सर्वांत धाकटी मुलगी काही महिन्यांची होती.

वारसा

बूल यांच्या हयातीत त्यांच्या पद्धतीचा यंत्रांशी संबंध जोडला गेला नव्हता. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी एमआयटी येथील आपल्या प्रबंधात विद्युत स्विचांच्या मंडलांचे वर्णन बूलियन बीजगणिताने करता येते, हे दाखवले. एकसर जोडणीतील दोन्ही स्विच चालू असतील तरच प्रवाह वाहतो, हे 'आणि' होय. समांतर जोडणीत एक स्विच चालू असला तरी पुरते, हे 'किंवा' होय. अंकीय संगणकांची रचना या तत्त्वावर आधारलेली आहे.

सी, जावा इत्यादी भाषांत हे क्रियाकारक अनुक्रमे &&, || व ! या चिन्हांनी लिहितात. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा दोन ठिकाणी होतो. बोलण्यातील 'चहा किंवा कॉफी' दोहोंपैकी एकच सुचवते, परंतु || हा क्रियाकारक दोन्ही अटी खऱ्या असल्या तरी खरे हेच उत्तर देतो. तसेच 'वय १८ पूर्ण आणि मतदारयादीत नाव' या जोडअटीचा नकार करताना 'आणि'चा 'किंवा' होतो: वय अपुरे असेल किंवा नाव नसेल, तर मतदान करता येत नाही. हा नियम डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो.

कॉर्क येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि चंद्रावरील एका विवराला बूल यांचे नाव देण्यात आले आहे.